आठ मीटर पन्नास

मैदानावर तिला सगळे पाऊण म्हणत. पूर्ण एक नाही आणि अर्धी म्हणण्याइतकी लहानही नाही, म्हणून पाऊण. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ठेवणाऱ्याची नजर पक्की होती यात शंका नाही. तिला पंधरावं संपत आलं होतं आणि रांगेत उभी राहिली की तिचं डोकं शेजारणीच्या खांद्यापाशी संपायचं. कुणी हाक मारली की ती हसून ओ द्यायची. हसून ओ दिली की लोकांना वाटतं, हिला काही वाटत नाही. आणि लोकांना तसं वाटलेलंच बरं, नाहीतर ते समजूत घालायला येतात.

समजूत घालणाऱ्यांची तिने धास्ती घेतली होती. लहान असण्यावर भाषेत जेवढ्या म्हणी असतील तेवढ्या सगळ्या तिला ऐकवून झाल्या होत्या. आत्या तर दर भेटीत तिला दाराच्या चौकटीला टेकवून उभी करायची आणि "होईल हो, अजून वय आहे," असं म्हणायची ते अशा सुरात, की जणू आजाऱ्याच्या उशाशी बसली आहे. पाऊणने सगळं करून पाहिलं होतं. बारला लटकून झालं, दूध-अंडी झाली, पाय ताणून झोपणं झालं. आई म्हणायची, "अगं, कापड कमी पडलं तर जोड द्यावा लागतो. ओढून ते वाढत नाही, उसवतं." आई कपडे लहानमोठे करून देणाऱ्या दुकानात मशीनवर बसायची, त्यामुळे तिचं सगळं बोलणं कापडावरून निघायचं आणि कापडावर येऊन थांबायचं.

बरं, या पोरीने दुसरा एखादा खेळ धरला असता तर गोष्ट निराळी होती. पण हिचा जीव जडला तो नेमका हर्डल्सवर. शंभर मीटरची धाव, वाटेत दहा हर्डल, आणि दर दोन हर्डलमध्ये अंतर साडेआठ मीटर. त्या साडेआठ मीटरांत तीन पावलं बसवायची. तीन बसली की दर वेळी तोच पाय पुढे येतो, ताल धरला जातो आणि पळणारी सुसाट सुटते. जिची टांग लांब तिला हे आपसूक जमतं. जिची आखूड तिला चौथं पाऊल घ्यावं लागतं. पाय बदलतो, ताल तुटतो आणि तिची शर्यत तिथेच संपते. बाकी जिद्द, मेहनत, दूध-अंडी यांना त्या साडेआठ मीटरांत कुणी विचारत नाही.

क्लबच्या मॅडमनी तिला वर्षभर पाहिलं आणि एक दिवस बाजूला घेतलं. मॅडम गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि वाईट बोलणाऱ्यांतल्याही नव्हत्या. जे आहे ते सांगून मोकळ्या व्हायच्या.

"तुझ्या मेहनतीत खोट नाही," त्या म्हणाल्या. "पण साडेआठ मीटर तुझ्यासाठी आठ होणार नाहीत. लांब पल्ल्याचं धर. तिथे छाती लागते, टांग नाही."

"मॅडम, एकदा बघा तरी."

"वर्षभर तेच करतेय."

पण पाऊण हलली नाही. मॅडमनी तिच्याकडे बघितलं, मग हातातल्या शिट्टीकडे. "दोन महिन्यांनी निवड चाचणी आहे. आपल्याकडून दोन नावं जातील. एक ठरलंय. दुसरं आपल्या त्या उंच शिडीचं आहे. त्याआधी मला पाच हर्डल तीन-तीन पावलांत करून दाखव. दाखवलीस तर शिडीच्या जागी तुझं नाव घालते."

निवड झाली म्हणजे काय, ते मैदानावरच्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. वर्षभर मोठ्या केंद्रात राहायचं, तिथल्या प्रशिक्षकांकडे शिकायचं, आणि मग कोण कुठवर जाईल ते सांगता येत नाही. पाऊणला खरं म्हणजे तेवढं सगळं नको होतं. तिला फक्त एवढंच हवं होतं की कुणीतरी एकदा घड्याळ बघून म्हणावं, ही पळू शकते.

तिचे बाबा त्याच मैदानाची निगा राखायचे. त्यांनाही कुणी नावाने हाक मारत नसे, ते रेषावाले. मैदानावरची प्रत्येक रेषा त्यांनी मारलेली. पांढरी फक्की गाड्यात भरून ते दोरी ताणून चालायला लागले की रेषा सुतासारखी सरळ यायची. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सगळे सांगत. एका मोठ्या सामन्याच्या सकाळी पाहुणे येऊन बसले होते, बँड लागला होता, आणि रेषावाल्यांच्या लक्षात आलं की एक कोपरा दोन बोटं सरकलाय. त्यांनी सगळ्यांना थांबवलं. साहेब लोक हातातल्या घड्याळाकडे बघत ताटकळत राहिले आणि हे गुडघे टेकून ती रेषा पुसून पुन्हा मारत बसले. त्यानंतर त्यांच्या रेषेवर टेप लावून बघायची कुणाची छाती झाली नाही, आणि गरजही पडली नाही.

मुख्य मैदान सकाळी मोठ्या मुलींसाठी राखलेलं असायचं. म्हणून बाबांनी प्रेक्षागाराच्या मागे मातीचा एक पट्टा साफ केला, खडे वेचले, पाणी मारून रोलर फिरवला. भंगारात टाकलेली पाच हर्डल ठोकून-ठाकून उभी केली आणि त्यांच्या जागा फक्कीने आखून दिल्या. रोज उजाडता उजाडता दोघं तिथे जायची. बाबा टोकाला उभे राहायचे आणि ती पळायची.

पहिले चार दिवस ती नुसती पडली. दुसऱ्या हर्डलपर्यंत जमायचं, तिसऱ्यापाशी पाय पोचायचा नाही. चौथ्या दिवशी हनुवटी फुटली आणि आईने दुकानातून येऊन, टाके बघून, दोघांनाही असं काही फैलावर घेतलं की शेजारची खिडकी बंद झाली. दोन दिवस विश्रांती झाली. तिसऱ्या दिवशी ती भीत भीत पट्ट्यावर आली, पळाली, आणि जमलं. तीन, तीन, तीन आणि पुन्हा तीन. शेवटच्या हर्डलपलीकडे गेल्यावर तिला स्वतःचंच खरं वाटेना. तिने मागे वळून पाहिलं तर पाचही हर्डल जागच्या जागी उभी होती.

"बाबा! बघितलंत?"

"बघितलं," बाबा म्हणाले आणि फक्कीचा गाडा ढकलत निघून गेले. त्यांचे डोळे भरून आले असावेत असं तिला वाटलं.

त्या दिवसापासून पोरीचं रूपच पालटलं. ती मान वर करून चालायला लागली. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागली. आत्या आली तेव्हा आपण होऊन चौकटीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "नाही वाढले. आणि आता नाही वाढले तरी चालेल." आत्याची बोलतीच बंद झाली. आईने मान खाली घालून हातातली शिवण उगाच उसवली आणि पुन्हा घातली.

दीड महिना गेला. मॅडम एका सकाळी प्रेक्षागाराच्या मागे आल्या, टोकाला उभ्या राहिल्या आणि ओठांतल्या ओठांत पावलं मोजत राहिल्या. पाऊण दोनदा पळाली. दोन्ही वेळा तीन-तीन पावलं, एक हर्डल हललं नाही. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.

"मी चुकले," त्या म्हणाल्या. "चुकले तर चुकले म्हणते मी. तुझं नाव घालते."

शिडीला तिथल्या तिथे सांगण्यात आलं. शिडी म्हणजे उंच, सडपातळ, हसतमुख मुलगी. तिचे पाय बघून पाऊणला कितीदा रडू आलं होतं. शिडी पाऊणपाशी आली, "छान पळालीस गं," म्हणाली आणि बुटांच्या नाड्या सोडत पायरीवर बसली. ती बराच वेळ नाड्याच सोडत होती. पाऊणने ते पाहिलं, तिला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्याच्या खाली आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. इतकी वर्षं मान वर करून जिच्याकडे बघितलं, तिच्या जागी आपण! पंधराव्या वर्षी एवढं माफ असायला हरकत नाही.

चाचणीला नऊ दिवस राहिले तेव्हा तिला पहिल्यांदा मुख्य मैदानावर पळायला उभं केलं. तांबडा गुळगुळीत ट्रॅक, नवी हर्डल. शिट्टी झाली. पहिलं गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्याला गुडघा आपटला आणि ती हर्डलसकट आडवी झाली. उठली. पुन्हा पळाली. पुन्हा तिसरं. तिसऱ्या खेपेला तिने जीव खाऊन उडी टाकली तर चौथ्यापर्यंत पोचली आणि तिथे तोंडावर आपटली.

"तिकडे तर पळत होतीस," मॅडम म्हणाल्या. "घाबरतेस का?"

"नाही."

"मग?"

  एकच उत्तर जन्मापासून तिच्याकडे होतं आणि दीड महिना दडी मारून बसलेलं ते आता पुन्हा वर आलं. आपण लहान आहोत. तिकडे भंगारातल्या हर्डलवर, मातीत, कुणी बघत नसताना काय ते जमलं. खऱ्या ठिकाणी आलं की आपण पाऊणच.  शेजारच्या लेनमधून एक उंच मुलगी सहज, बोलत बोलत पायऱ्या उतरावं तशी, पाचही हर्डल ओलांडून गेली.

पण ही पोर हात टेकणाऱ्यांतली नव्हती. तिने विचार केला, मातीत पावलांचे ठसे उमटतात, तांबड्या ट्रॅकवर उमटत नाहीत. मातीतलं आपलं पाऊल नेमकं केवढं पडतं ते मोजू, म्हणजे इथे किती कमी पडतंय ते कळेल. संध्याकाळी तिने आईच्या पिशवीतून शिवणाची टेप घेतली आणि ती मागच्या पट्ट्यावर गेली.

उन्हं उतरली होती. सकाळचे ठसे अजून मातीत स्पष्ट होते. ती गुडघ्यांवर बसून मोजत गेली. हर्डलपासून पहिलं पाऊल, पहिल्यापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं, तिथून पुढचं हर्डल. बेरीज केली. काहीतरी चुकलं असं वाटून तिने ठसे सोडून दिले आणि सरळ एका हर्डलपासून दुसऱ्या हर्डलपर्यंत टेप टाकली. दीड मीटरची टेप पाच वेळा बसली आणि वर पासष्ट सेंटिमीटर उरले. आठ मीटर पंधरा.

तिने पुढचं अंतर मोजलं. आठ मीटर पंधरा. त्याच्या पुढचंही तेवढंच. चारही अंतरं, एका बोटाचाही फरक नाही. रेषावाल्यांनी आखलेली होती ना.

ती तिथेच मातीत बसून राहिली. चूक असती तर एक अंतर आठ-वीस निघालं असतं, एक आठ-पाच. बाबांची चूक होत नाही हे तिला सगळ्या जगापेक्षा जास्त माहीत होतं. मग तिला हनुवटी फुटल्यानंतरचे ते दोन दिवस आठवले, तिसऱ्या दिवशीची सकाळ आठवली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

प्रेक्षागाराच्या खाली सामानाची खोली होती. फक्कीची पोती, गुंडाळलेल्या दोऱ्या, फाटकी जाळी. बाबा स्टुलावर बसून एका जाळीची गाठ मारत होते. ती दारात उभी राहिली.

"आठ-पंधरा," ती म्हणाली.

बाबांनी वर बघितलं. तिच्या हातातली टेप बघितली. त्यांनी काय, कुठे, कशाचं असं काहीही विचारलं नाही, आणि त्यामुळेच तिची उरलीसुरली आशा संपली.

"आठ दिवसांपुरतंच करायचं होतं," ते म्हणाले. "तुझी भीती जावी म्हणून. मग दर आठवड्याला चार-चार बोटं सरकवत पुन्हा जागेवर न्यायचं होतं. चाचणीच्या आत पोचलो असतो."

"मग?"

"मग तू हसलीस." त्यांनी जाळी मांडीवरून खाली ठेवली. "कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा मनापासून हसलीस. दर रविवारी मी फक्की घेऊन जायचो, बाळ. सरकवायलाच जायचो. आणि तिथेच आखून परत यायचो."

"आणि मॅडमना? मॅडम बघायला आल्या तेव्हाही गप्प बसलात?"

"बसलो."

"शिडीचं नाव काढलं त्यांनी!"

"माहीत आहे मला."

ती ओरडणार होती, पण तिचा आवाज उलट बसला. "सगळे पाऊण म्हणतात तेव्हा मला काही वाटत नाही, बाबा. म्हणू देत. मला वाटायचं, घरात एक माणूस आहे ज्याला मी पूर्ण दिसते. तुम्हालाही मी लहानच वाटते ना?"

 ज्या माणसाने दोन बोटांसाठी अख्ख्या गावाला ताटकळत ठेवलं होतं त्याला एक शब्द बोलता येईना. पाऊणने थोडा वेळ वाट पाहिली आणि ती निघून गेली. घरी जेवताना आईने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि काय झालं म्हणून विचारलं. बाबांनीच सांगितलं, काही न लपवता. आई ऐकत राहिली. मग तिने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "लोकांचे कपडे मी घट्टाचे सैल करून देते, पण मापाच्या चिठ्ठीवर खोटा आकडा कधी लिहीत नाही. तुम्हाला हे कसं सुचलं?" 

रात्रभर पाऊणने एकच विचार उलटसुलट केला. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. नऊ दिवस होते. कुणी सांगावं, जमूनही जाईल. आणि नाही जमलं तर लोक म्हणतील, घाबरली बिचारी. घाबरली म्हणवून घेणं सोपं होतं. पण दर वेळी शिडी समोर यायची, पायरीवर बसून नाड्या सोडणारी.

सकाळी ती मॅडमच्या खोलीच्या दारापाशी पोचली आणि तिचा पाय पुढे पडेना. मागून कुणीतरी आलं. बाबा होते. कामावरून तसेच उठून आले असावेत, दोन्ही हात कोपरापर्यंत फक्कीने पांढरे होते. तिच्याकडे न बघता ते तिच्या पुढे झाले आणि आत गेले.

"मॅडम, मागच्या पट्ट्यावरचं अंतर आठ-पंधरा आहे," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "रेषा मी मारल्या. हिला काल संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं."

 मॅडमचा राग पाऊणने पाहिला होता, तो आला असता तर बरं झालं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता. त्यांनी वही उघडली, एक नाव खोडलं, त्याच्यावर दुसरं लिहिलं.

"तुमच्या रेषेवर मी टेप लावली नाही," त्या म्हणाल्या. "मनातसुद्धा आलं नाही माझ्या."

"हो," बाबा म्हणाले.

"चाचणी याच मैदानावर आहे. आता सगळं तपासून घ्यावं लागेल. तुमच्यासमोर."

"घ्या."

त्या दिवशी दुपारी मॅडमनी बाहेरून एक मोजणीवाला बोलावला. तरुण होता, त्याला कुणाचं काही घेणंदेणं नव्हतं. त्याने टेपची कडी बाबांच्या हातात दिली आणि म्हणाला, "काका, जरा धरा." बाबांनी धरली. एकेक लेन, एकेक खूण. तो पुढच्या टोकाला आकडा वाचायचा, मॅडम लिहायच्या, आणि बाबा कडी घेऊन वाकून पुढच्या खुणेवर जायचे. मैदानावरच्या सगळ्या मुली सराव थांबवून बघत होत्या.  साठपासष्ट वेळा ते वाकले असतील. पाऊण पायऱ्यांवर बसली होती आणि तिला तिथून उठून जाता येत नव्हतं आणि बघवतही नव्हतं. काल तिला वाटलं होतं, बाबांइतकी आपली कुणी फसवणूक केली नाही. आज तिला वाटलं, पळत जाऊन ती कडी त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावी.

एकही खूण चुकलेली निघाली नाही. "सगळं बरोबर आहे," मोजणीवाला म्हणाला, जरा आश्चर्याने. मॅडमनी कागदावर सही केली. बाबांनी कडी परत दिली, हात झटकले आणि ते खाली सामानाच्या खोलीत गेले. पाऊण त्यांच्या मागे गेली.

"मी मॅडमच्या दारापर्यंत जायलाच नको होतं," ती म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं.

"सांगायला हवंच होतं," बाबा म्हणाले. "उशीर तुझ्याकडून नाही झाला. माझ्याकडून झाला."

चाचणी झाली. शिडी पळाली, चांगली पळाली, पण पाचवी आली आणि तिघींनाच घेतलं. असं असतं. पाऊण त्या दिवशी हर्डल उचलून ठेवणाऱ्या मुलींमध्ये होती. शर्यत संपल्यावर शिडी धापा टाकत तिच्यापाशी आली आणि कमरेवर हात ठेवून वाकली, तेव्हा कुठे दोघींची डोकी एका उंचीवर आली.

"माझी जागा परत दिलीस आणि मी पाचवी आले," शिडी म्हणाली. "रागावू नकोस हं."

"वेडी आहेस का," पाऊण म्हणाली, आणि दोघी हसल्या, पण फार वेळ नाही.

त्यानंतर आठवडाभर पाऊण मैदानावर गेली नाही. बाबांनी एकदाही विषय काढला नाही. आईने एकदा काढून पाहिला आणि सोडून दिला. आठव्या दिवशी उजाडायच्या आत पाऊण उठली, बूट घातले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबा चहा पीत होते.

"चला," ती म्हणाली. "साडेआठ मारून द्या."

बाबांनी कप खाली ठेवला. मागच्या पट्ट्यावर त्यांनी जुन्या खुणा पायाने घासून पुसून टाकल्या, टेप ताणली, दोरी लावली आणि फक्की मारली. पाचही हर्डल नव्या जागांवर उभी केली. मग ते नेहमीप्रमाणे टोकाला जाऊन उभे राहिले. एवढ्या लांबूनही तिला दिसलं की त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेत.

ती पळाली. पहिलं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यापाशी तिने सगळा जीव त्या तिसऱ्या पावलात ओतला, पाय उचलला, आणि लाकूड नडगीवर बसलं. ती हर्डलसकट मातीत गेली. गुडघा सोलवटला, तोंडात माती गेली.

बाबा धावत निघाले. चार पावलं धावले आणि मधेच थबकले. मग चालत आले. त्यांनी तिला हात दिला नाही. ती कोपरावर रेलून उठून बसली, थुंकली आणि म्हणाली, "किती कमी पडलं?"

"थोडंसं" म्हणता आलं असतं. "अगदी जरासं, होईल," असंही म्हणता आलं असतं. आत्या म्हणालीच असती. बाबा गुडघे टेकून खाली बसले. तिच्या शेवटच्या पावलाचा ठसा त्यांनी शोधला, तो जिथे पडायला हवा होता ती जागा शोधली, आणि मधल्या मातीवर हाताचा पंजा पसरून ठेवला. मग त्याच्यापुढे दोन बोटं ठेवली. 

"एक वीत," ते म्हणाले. "आणि वर दोन बोटं."

"पुष्कळ आहे."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, सरळ डोळ्यांत. "पुष्कळ आहे," ते म्हणाले.

तिने मान हलवली. त्या दिवशी सामानाच्या खोलीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला आत्ता मिळालं होतं, आणि इतके दिवस ज्या उत्तराला ती भ्यायली होती ते त्यांच्या तोंडून ऐकताना तिला रडू आलं नाही. उलट आता आपल्याशी कुणीतरी खरं बोलतंय एवढंच जाणवून छातीवरचं ओझं उतरलं. ती उठली. बाबांनी पडलेलं हर्डल उचलून त्याच्या खुणेवर उभं केलं, पाय बरोबर रेषेवर आहेत की नाहीत ते वाकून पाहिलं आणि ते बाजूला झाले. पाऊणने गुडघ्यावरची माती पुसली आणि ती चालत सुरुवातीच्या रेषेकडे गेली.